डोंगर संगणकांत कसा उतरवावा

वारा डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु त्याचे पराक्रम सर्वत्र दिसतात. डोंगराच्या माथ्यावर जो वारा अंगावरील उपरणें उडवितो, तोच पायथ्याशीं मंद झुळुकेसारखा भासतो, आणि कड्याच्या पाठीमागें तर कित्येकदां उलट दिशेनें घिरट्या घालतांना आढळतो. हा सर्व भेद जमिनीच्या चढउतारानें उत्पन्न होतो, हें रानांतला गुराखीसुद्धां जाणतो. परंतु अमुक डोंगरावर, अमुक जागीं, जमिनीपासून अमुक उंचीवर वाऱ्याचा वेग किती असेल, हें तेथें खांब उभारून मोजण्यापूर्वींच सांगतां येईल काय? पवनचक्की कोठें रोवावी, दरीवरील पुलास वाऱ्याचा किती मारा सोसावा लागेल, कारखान्याच्या धुराड्यांतील धूर कोणत्या वस्तीवर उतरेल, हे सर्व प्रश्न ह्या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. हल्लीं हें काम संगणकाकडून करून घेतात. त्याची पहिली पायरी म्हणजे खरा डोंगर संगणकांत उतरविणें. ही पायरी दिसावयास सोपी, परंतु वस्तुतः फार निसरडी आहे. म्हणून तिचेंच थोडेंसें विवेचन वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संगणक हें गणित करतो कसें, तें पाहूं. वाहत्या पदार्थांच्या गतीचीं समीकरणें फ्रान्समधील नाव्हिए यांनीं १८२२ सालीं व इंग्लंडांतील स्टोक्स यांनीं १८४५ सालीं मांडलीं. डोंगरावरील वाऱ्यासारख्या गुंतागुंतीच्या प्रसंगीं तीं कागदावर सोडवितां येत नाहींत. म्हणून हवेचा जेवढा भाग विचारांत घ्यावयाचा, तेवढ्याची एक मोठी पेटी कल्पून तिचे लहान लहान खण पाडतात. प्रत्येक खणांत किती हवा आली, किती गेली, तिचा वेग व दाब किती, ह्याचा हिशेब संगणक ठेवतो. एका खणांतून गेलेली हवा शेजारच्या खणांत जमा झालीच पाहिजे. हा नियम वाण्याच्या जमाखर्चाच्या वहीसारखा कडक असतो. ह्या सर्व खणांच्या समूहास जाळी म्हणतात. पेटीचा तळ म्हणजे जमीन. त्या तळाचा आकार चुकला, तर वरचा हिशेब कितीही बिनचूक असला, तरी तो दुसऱ्याच कोणत्या तरी डोंगराचा हिशेब होतो.

येथें सामान्य मनुष्यास वाटेल कीं, डोंगराचा जितका बारीक नकाशा मिळेल तितका मिळवावा आणि तो जसाच्या तसा सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करावा; मग चूक कशी होईल? परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. डोंगर जसाच्या तसा नेतां येत नाहीं. नेतांना त्याचा बराचसा भाग टाकून द्यावा लागतो. काय टाकावें आणि काय राखावें, हें ठरविणें हीच ह्या कामांतील खरी विद्या होय. हें स्पष्ट व्हावें म्हणून एका प्रसिद्ध टेकडीचें उदाहरण घेऊं.

डेन्मार्क देशांत रोस्किल्डच्या खाडींत, रिसो येथील संशोधनशाळेच्या जवळ, बोलुंड नांवाची एक टेकडी आहे. तिला टेकडी म्हणणें हाही तिचा गौरवच होय; कारण तिची उंची अवघी १२ मीटर, लांबी सुमारें १३० मीटर आणि रुंदी सुमारें ७५ मीटर आहे. माथा सपाट, भोंवतीं बहुतेक पाणी, पूर्वेकडे मुख्य भूमीशीं जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी, आणि पश्चिमेकडे सुमारें १० मीटर उंचीचा जवळजवळ उभा कडा. पश्चिमेचा वारा पाण्यावरून सरळ येऊन ह्या कड्यावर आदळतो. १९८२ व १९८३ सालीं स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावरील आस्करव्हेन ह्या सुमारें ११६ मीटर उंच परंतु सौम्य उताराच्या टेकडीवर वाऱ्याचें मोजमाप झालें होतें. त्या टेकडीच्या मानानें बोलुंड म्हणजे खेळणेंच. तथापि उभ्या कड्यामुळें वाऱ्याची परीक्षा येथें अधिक कठीण होती. २००७-०८ च्या हिवाळ्यांत येथें दहा खांब उभारून वाऱ्याचा वेग व खळबळ हीं मोजण्यांत आलीं.

आतां ही टेकडी संगणकांत न्यावयाची आहे, असें समजूं. जमिनीच्या उंचीचे आंकडे आणावयाचे कोठून? पूर्वीं भूमापकांनीं काढलेल्या समोच्चरेषांच्या नकाशांवरून हे आंकडे हातानें घ्यावे लागत. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एंडेव्हर’ नांवाच्या अवकाशयानानें ११ दिवसांच्या प्रवासांत रडारच्या साहाय्यानें पृथ्वीवरील बहुतेक भूभागाची उंची टिपली. उत्तरेस ६० अंशांपासून दक्षिणेस ५६ अंशांपर्यंतच्या जमिनीचे आंकडे त्यांत आहेत, आणि सुमारें ३० मीटरांच्या अंतरानें घेतलेले हे आंकडे आतां कोणासही विनामूल्य मिळूं शकतात. ह्याहून बारीक काम हवें असल्यास विमानांतून लेसरचे किरण सोडून मोजणी करतात. तिला लायडर म्हणतात, आणि तींत एक मीटर किंवा त्याहूनही कमी अंतरावरील बिंदूंची उंची कळते.

तीस मीटरांचे आंकडे घेतले तर बोलुंडची काय दशा होईल? लांबीच्या बाजूस चार, रुंदीच्या बाजूस दोन-तीन, मिळून सारे दहाबारा बिंदु तिच्या वांट्यास येतील. १० मीटरांचा उभा कडा दोन शेजारच्या बिंदूंमध्यें सांपडून ३० मीटरांवर पसरेल. म्हणजे जेथें भिंत होती तेथें सुमारें १८ अंशांचा साधा उतार दिसूं लागेल. वारा त्या उतारावरून सुखानें चढून जाईल, आणि संगणक मोठ्या विश्वासानें खोटें उत्तर देईल.

तर मग लायडरचे बारीक आंकडे घ्यावे, असें कोणी म्हणेल. त्याचाही हिशेब करून पाहूं. उंचीच्या बिंदूंना रेषांनीं जोडून जमिनीचें त्रिकोणांनीं बनलेलें एक कवच तयार करतात, आणि तें बहुधा एसटीएल नांवाच्या पद्धतीच्या फाईलींत सांठवितात. ह्या फाईलीच्या द्विमान प्रकारांत प्रत्येक त्रिकोणास ५० बाइट जागा लागते. ३० किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा प्रदेशांत ३० मीटरांच्या अंतरानें दहा लाख बिंदु व सुमारें वीस लाख त्रिकोण होतात. त्यांस दहा कोटी बाइट पुरतात. हें ओझें साधा संगणकही उचलतो. परंतु तोच प्रदेश एक मीटरच्या अंतरानें घेतला, तर बिंदु ९० कोटी, त्रिकोण १८० कोटी, आणि फाईल ९,००० कोटी बाइटांची होते. एवढी फाईल उघडतांनाच पुष्कळ संगणक मान टाकतात. अंतर तीस पटींनीं कमी केलें, तर ओझें नऊशें पटींनीं वाढलें. हें वर्गाचें गणित ज्यानें ध्यानांत ठेविलें नाहीं, त्याचें काम पहिल्याच दिवशीं अडतें.

ओझें कमी करण्यापूर्वीं तीन खळगे चुकवावे लागतात. ते लहान दिसतात, परंतु पाय मोडण्यास तेवढे पुरेसे असतात.

पहिला खळगा मापांचा. अवकाशांतून घेतलेल्या उंचीच्या तक्त्यांत जागा अक्षांश व रेखांश ह्यांच्या अंशांत आणि उंची मीटरांत दिलेली असते. सॉफ्टवेअर बिचारें सर्वच आंकडे मीटर समजतें. १३० मीटर लांबीची बोलुंड टेकडी रेखांशाच्या सुमारें दोन सहस्रांश अंशांत मावते. तेव्हां रूपांतर न करतां नेल्यास ती दोन मिलिमीटर लांब व १२ मीटर उंच अशी सुई बनते! शिवाय अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारें १११ किलोमीटर असला, तरी रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जातां जातां आखूड होतो. बोलुंडजवळ तो सुमारें ६३ किलोमीटरच भरतो. म्हणून केवळ एका संख्येनें गुणून भागत नाहीं. प्रथम सर्व बिंदु यूटीएमसारख्या मीटरांच्या नकाशापद्धतींत आणले पाहिजेत.

दुसरा खळगा अक्षरशः खड्डाच आहे. रडारला जेथें उंची कळली नाहीं, तेथें मूळ तक्त्यांत उणे ३२,७६८ हा आंकडा घातलेला असे. ‘येथें माहिती नाहीं’ एवढाच त्याचा अर्थ. परंतु तो भरून न काढतां पुढें गेल्यास संगणक त्या जागीं सुमारें ३३ किलोमीटर खोल विहीर खणतो. डोंगराळ मुलुखांत, जेथें कड्यांच्या आड रडारचे किरण पोंचत नाहींत, तेथेंच अशा जागा अधिक सांपडतात. ह्याच्या उलट प्रकारही आहे. दाट झाडी असली तर रडार तळाची जमीन न दाखवितां झाडांच्या शेंड्यांजवळची उंची दाखवितें, आणि राई म्हणजे लहानशी टेकडी होऊन बसते.

तिसरा खळगा सर्वांत फसवा आहे. एसटीएल फाईलीच्या द्विमान प्रकारांत प्रत्येक आंकडा ३२ बिटांत लिहितात, आणि तेवढ्या जागेंत सुमारें सातच अंक बिनचूक राहतात. आतां बोलुंड ही विषुववृत्तापासून सुमारें ६१ लाख ७५ हजार मीटर उत्तरेस आहे. यूटीएम पद्धतींत उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात. म्हणजे सात अंक तेथेंच संपले! इतक्या मोठ्या संख्यांच्या आसपास ३२ बिटांच्या दोन शेजारच्या संख्यांमध्यें अर्ध्या मीटरचें अंतर असतें. समजा, टेकडीचे बिंदु पाव पाव मीटरच्या अंतरानें मोजलेले आहेत. तर शेजारचे बिंदु उत्तर-दक्षिण दिशेनें एकमेकांवर येऊन बसतात, कित्येक त्रिकोणांचें क्षेत्रफळ शून्य होतें, आणि गुळगुळीत माथ्यावर पायऱ्या उमटतात. उपाय मात्र अगदीं सोपा. टेकडीजवळचाच एखादा बिंदु आरंभबिंदु मानून सर्व आंकड्यांतून त्याचे आंकडे वजा करावे. मग संख्या लहान होतात आणि सात अंकांत मिलिमीटरदेखील मावतो. वजाबाकी मात्र फाईल लिहिण्यापूर्वीं केली पाहिजे. मागाहून केल्यास गेलेले अंक परत येत नाहींत.

हे खळगे ओलांडल्यावर ओझें हलकें करण्याचा प्रश्न येतो. येथें सरसकट छाटणी करूं नये. सपाट पाण्याचा कितीही मोठा पृष्ठभाग दोन त्रिकोणांत अचूक मावतो. तेथें लक्षावधि त्रिकोण वापरणें म्हणजे उधळपट्टी होय. उलट कड्याच्या धारेजवळ प्रत्येक त्रिकोण मोलाचा असतो. कोणते दोन बिंदु मिळून एक केले असतां आकारांत किती फरक पडेल, हें मोजून सर्वांत निरुपद्रवी असेल ती जोडी आधीं एक करावी, ह्या तत्त्वावर गारलंड व हेकबर्ट यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धत पुष्कळ प्रचारांत आहे. तिच्या योगानें जमिनीचें कवच पातळ होतें, परंतु धार बोथट होत नाहीं. कामाच्या जागेभोंवतीं लायडरचे बारीक आंकडे व दूरच्या मुलुखांत अवकाशांतील जाड आंकडे, अशी सांगड घालणेंही हितावह असतें. मात्र दोहोंच्या सांध्यावर उंचीचा फरक पडून खोटा बांध निर्माण होणार नाहीं, ह्याची खबरदारी घ्यावी.

ह्यानंतर खण पाडण्याचें काम. ओपनफोम नांवाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्यें हें काम करणाऱ्या भागास स्नॅपीहेक्समेश म्हणतात. तो प्रथम सर्व पेटींत मोठे मोठे घनाकार खण मांडतो. मग जे खण जमिनीच्या कवचाला स्पर्श करतात, त्यांचे प्रत्येकीं आठ तुकडे करतो. त्यांतील जे पुन्हां स्पर्श करतात, त्यांचे पुन्हां आठ. शेवटीं जमिनीखालचे खण टाकून देऊन उरलेल्या खणांचे कोपरे ओढून कवचावर बसवितो. खण जमिनीवरील कोणते व खालील कोणते, हें त्यास कळावें म्हणून हवेंतील एक बिंदु दाखवून द्यावा लागतो. कवचास पेटीच्या आंत कोठें भोंक असलें, किंवा तें पेटीच्या कडेपर्यंत पोंचत नसलें, तर वरची हवा व खालची जागा एकच समजली जाऊन सारी जाळी बिघडते. म्हणून जमीन पेटीच्या चारी बाजूंच्या थोडी बाहेरच जाऊं द्यावी.

ह्या टप्प्याटप्प्यानें तुकडे करण्याचा लाभ केवढा, तो पहा. १० किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद व २ किलोमीटर उंच पेटींत सर्वत्र एक मीटरचे खण पाडले, तर त्यांची संख्या २०,००० कोटी होते. परंतु ६४ मीटरांचे खण मांडले तर ते सुमारें साडेसात लाखच भरतात. आणि त्यांतील कड्याजवळच्या खणांचे सहा वेळां अर्धे अर्धे केले, तर ६४, ३२, १६, ८, ४, २ व १ अशा पायऱ्यांनीं तेथें एक मीटरचा खण मिळतो. जेथें लक्ष द्यावयाचें तेथेंच खर्च होतो. तथापि कोपरे ओढतांना तीक्ष्ण धार गोल होण्याचें भय असतें. म्हणून धारेची रेषा निराळी काढून सॉफ्टवेअरला दाखवून देण्याची सोय आहे, आणि कड्याच्या बाबतींत ती टाळूं नये.

पेटीच्या कडांविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खरा मुलुख चाकूनें कापल्यासारखा मध्येंच तोडला, तर वारा जेथून आंत येतो तेथेंच एखादी डोंगराची सोंड अर्धवट उभी राहते, आणि येणारा वारा आरंभींच बिघडतो. म्हणून कडेजवळची जमीन हळूहळू सपाट करीत न्यावी व कामाची जागा कडांपासून दूर ठेवावी. पेटीचें झांकणही डोंगराच्या उंचीच्या अनेक पट वर असावें; नाहीं तर डोंगर व झांकण ह्यांमध्यें वारा कोंडून त्याचा वेग व्यर्थ वाढतो.

एवढा खटाटोप करून हातीं काय येतें, असें विचारणाऱ्यांस बोलुंडचीच पुढील हकीकत सांगूं. २००९ सालीं रिसोच्या संशोधकांनीं निरनिराळ्या अभ्यासकांना टेकडीचा आकार व येणाऱ्या वाऱ्याची माहिती दिली, परंतु खांबांवरील मापें झांकून ठेविलीं, आणि उत्तरें मागविलीं. एकंदर ५७ उत्तरांची तुलना २०११ सालीं प्रसिद्ध झाली. सौम्य उतार गृहीत धरणाऱ्या सोप्या पद्धती ह्या कड्यापुढें साफ चुकल्या. अतिशय सूक्ष्म व खर्चिक पद्धतींकडून मोठी आशा होती. पण त्यांना पेटीच्या कडेवरील वाऱ्याची अवस्था नीट लावतां आली नाहीं, आणि त्याही मागें पडल्या. मध्यम प्रतीच्या, परंतु व्यवस्थितपणें मांडलेल्या पद्धतींनीं सर्वांत चांगलीं उत्तरें दिलीं.

ह्याहून अधिक डोळे उघडणारा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. कॅनडांतील एका मोठ्या वायुदालनांत बोलुंडची लहान प्रतिकृति ठेवून, तिच्या कड्याच्या धारेंत अल्पसा फेरफार करण्यांत आला. तेवढ्यानें पवनचक्कीच्या उंचीवरील वारा पालटला. सर्वांत प्रतिकूल दिशेच्या वाऱ्यांत वर्षाकांठीं मिळणाऱ्या विजेचा अंदाज निदान निम्म्यानें घटला, आणि वाऱ्याची खळबळ पांच पट झाली. खळबळ म्हणजे पात्यांना बसणारे हिसके. हिसके म्हणजे यंत्राचें आयुष्य कमी. नकाशा सोपा करतांना ज्यानें ती धार ‘क्षुल्लक’ म्हणून गुळगुळीत केली, त्यानें न कळत अर्धी वीज कागदावर निर्माण केली किंवा नाहींशी केली, असेंच म्हणावें लागेल.

आपल्या सह्याद्रीला हा धडा विशेष लागू आहे. काळ्या पाषाणाच्या थरांनीं बनलेल्या ह्या पर्वतांत माथा सपाट व बाजू तुटलेल्या, असें बोलुंडचेंच रूप शतपट मोठें होऊन पुनःपुन्हां दिसतें. सातारा जिल्ह्यांत चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा पठारांच्या कडांजवळ ३० मीटरांच्या आंकड्यांवर विसंबून राहणें धोक्याचें आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यासारखा पुढें झुकलेला कडा तर उंचीच्या तक्त्यांत मुळींच मावत नाहीं. कारण तक्ता प्रत्येक जागीं एकच उंची सांगतो, आणि बाहेर आलेल्या कड्याखालीं तर हवा असते. तेथें त्रिकोणांचें कवच निराळ्या मोजणीनेंच घडवावें लागतें.

म्हणून डोंगर संगणकांत उतरविल्यावर लगेच वारा सोडूं नये. आधीं जाळीच्या तळावरील कांहीं बिंदूंची उंची मूळ आंकड्यांशीं ताडून पहावी, विशेषतः धारेवर. मग खण निम्मे करून गणित पुन्हां करावें. उत्तर फारसें बदललें नाहीं, तरच त्यावर भिस्त ठेवावी. आणि अखेर एखादा तरी खांब प्रत्यक्ष जागेवर उभारावा. कारण वाऱ्याची साक्ष वाऱ्यावांचून कोणी देऊं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांस संगणकावांचूनही ह्या विद्येचा आरंभ करतां येईल. चौकटींच्या कागदावर सपाट माथ्याची व एका बाजूस उभा कडा असलेली टेकडी आडव्या छेदांत काढावी. प्रत्येक रेघेवरील उंची घेऊन ते बिंदु जोडावे; नंतर दर चौथ्या रेघेवरचेच बिंदु घेऊन निराळ्या रंगानें जोडावे. शेवटीं तितकेच मोजके बिंदु, परंतु आपल्या मर्जीनें निवडलेल्या जागीं घेऊन तीच टेकडी काढून पहावी. कडा राखण्यास बिंदूंची संख्या कमी पडत नाहीं, त्यांची निवड चुकते, हें त्या तीन रेघांवरून ज्याचें त्यास दिसून येईल.